‘होतंय का बघा की’ : परदेशी विद्यापीठातल्या प्रवेशाचा अंदाज घरच्या घरी कसा काढावा

अकरावी संपली की लोक फाइल घेऊन घरी येतात. आत दहावीची गुणपत्रिका, लॅमिनेट केलेली पाच-सहा प्रमाणपत्रं, कराटेच्या बक्षीस समारंभाचा एक फोटो. चहा येईपर्यंत दम धरतात आणि मग विचारतात, “मॅडम, ह्याचं तिकडं होतंय का बघा की.” तिकडं म्हणजे अमेरिकेत. आणि अमेरिकेत म्हणजे ज्या दहा-बारा विद्यापीठांची नावं आपल्याला पाठ आहेत, त्यांत.

असं विचारायची सवय आपल्याला सीईटीने लावली. गेल्या वर्षीचा कटऑफ काढायचा, पोराचा पर्सेंटाइल शेजारी ठेवायचा, झालं. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, तशी एखादी रेघ हार्वर्डनेही मारून ठेवली असेल असं वाटतं. ती नाही. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, सगळा नशिबाचा खेळ. तेही खरं नव्हे. अंदाज बांधता येतो, पण तो ठरलेल्या क्रमाने बांधावा लागतो. बहुतेक घरांत हा क्रम बरोबर उलटा असतो : आधी कॉलेजचं नाव ठरतं, मग सॅटचा, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लागतो, मग प्रमाणपत्रं गोळा होतात आणि पैशाचा विषय निघतो ऑक्टोबरात, फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात.

खालचं सगळं मुख्यतः अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाबद्दल आहे. ब्रिटनचं थोडक्यात पुढे येईल.

## बसण्यापूर्वी काय गोळा करायचं

नववी, दहावी आणि अकरावीच्या मूळ गुणपत्रिका. आपल्याकडे दहावीला शाळा सुटते आणि अकरावीला ज्युनिअर कॉलेज लागतं, त्यामुळे कागद दोन संस्थांतून आणावे लागतात. नववीची गुणपत्रिका कुणी जपून ठेवत नाही. शाळेत अर्ज करून दुसरी प्रत काढा, आणि जूनमध्येच काढा. अकरावीची तर पुष्कळांनी कॉलेजातून कधी उचललेलीही नसते.

वडिलांचं आयकर विवरण, शेती असेल तर कारखान्याची ऊसबिलं, सात-बारा आणि आठ-अ. एक कोरी वही, किंवा संगणकावर तक्ता करता येत असेल तर तो. मुलाचा किंवा मुलीचा पासपोर्ट. नसेल तर आजच अर्ज करा. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला तो लागतोच.

कॉलेजांची यादी मात्र अजून करायची नाही.

## पायरी १ : आधी पैसा

हे कुणालाच आवडत नाही. पण त्याच मुलाचा अर्ज पूर्ण फी भरणारा असेल तर त्याची शक्यता एक असते आणि मदत मागणारा असेल तर दुसरी. म्हणून पैशाचा आकडा ठरल्याशिवाय पुढचं कुठलंही गणित मांडता येत नाही.

अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च आता वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलरच्या घरात आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी वर्षाचे ७२ ते ८० लाख, चार वर्षांचे तीन कोटींच्या आसपास. आता नवरा-बायकोने मुलाला बाजूला ठेवून एक आकडा ठरवायचा : घर न विकता, बहिणीचं लग्न न अडवता दर वर्षी किती काढू शकतो? “करू कायतरी” हा आकडा नव्हे. कर्ज धरत असाल तर तारणाचाही विचार आत्ताच करा. शेतजमिनीवर शैक्षणिक कर्ज सहसा मिळत नाही; बँक घर किंवा बिगरशेती प्लॉट मागते. चार एकर बागायत आहे म्हणून निर्धास्त असलेले लोक इथे अडकतात.

तो आकडा हातात घेऊन कॉलेजांचे तीन गट समजून घ्या.

पहिला गट परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड असलेल्यांचा. प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितली आहे का, हे ते पाहत नाहीत, आणि प्रवेश दिला तर घरची खर्च पेलण्याची ताकद मोजून उरलेली सगळी रक्कम देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली नावं. ब्राउन २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून त्यांत आलं. यादी छोटी आहे, आणि नावं वाचूनच कळेल की दारात गर्दी किती.

दुसरा गट नीड-अवेअर. इथे प्रवेश मिळाला तर मदत चांगली मिळते, पण प्रवेश द्यायचा का हे ठरवताना तुमची मागणी वजनात धरली जाते. बहुतेक चांगली खासगी कॉलेजं या गटात येतात. परदेशी मुलांच्या बाबतीत स्टॅनफर्डही इथेच.

तिसरा गट सरकारी विद्यापीठांचा. शिक्षण उत्तम, पण परदेशी मुलांना गरज बघून मदत जवळपास नाही. कॅलिफोर्नियाची मोठी सरकारी विद्यापीठं अशीच. तुमचा वर्षाचा आकडा १० लाख असेल तर हा गट तिथेच संपला, सॅटला कितीही पडोत.

शेतकरी घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो उत्पन्नाचे पुरावे मागतो. शेतीचं उत्पन्न आयकर विवरणात नीट दिसत नाही. जमीन आजोबांच्या नावावर, चुलत्यांचं खातं एकत्र, ट्रॅक्टरचं कर्ज सोसायटीचं. हे सगळं इंग्रजीत एका पानावर समजावून लिहावं लागतं, सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि ऊसबिलं. तहसीलचा दाखला एका फेरीत मिळाला तर नशीब समजा.

सावध : “आधी मदत न मागता प्रवेश घेऊ, मग तिथं गेल्यावर मागू” हा सल्ला इथल्या लग्नाच्या पंगतीत हमखास मिळतो. पुष्कळ कॉलेजांत परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही.

सावध : राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. बारावीनंतरच्या हिशोबात ती धरू नका.

तपासा : वहीच्या पहिल्या पानावर वर्षाची रक्कम रुपयांत आणि डॉलरमध्ये लिहिली आहे का? नसेल तर पुढची पायरी वाचू नका.

## पायरी २ : गुणपत्रिका त्यांच्या डोळ्यांनी वाचा

दहावीचे ९६ टक्के. छान. आता ते खोडा.

त्या ९६ मध्ये बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे किंवा खेळाचे वाढीव गुणही मिसळले असतील. पलीकडचा अधिकारी टक्केवारी पाहून थांबत नाही. तो विषयवार गुण पाहतो आणि वर्षं ओळीने वाचतो : नववी, दहावी, अकरावी, बारावीची सहामाही. म्हणून वहीत चार रकाने करा आणि गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे गुण वर्षवार मांडा. वाढीव गुण वगळून.

बहुतेक वह्यांत इथेच खड्डा दिसतो. अकरावीत. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष. नाव कॉलेजात, पोरगं क्लासात. जेईई-सीईटीच्या दृष्टीने त्यात नुकसान काही नाही, कारण अकरावीचे गुण तिथे कुणी विचारत नाही. इथे मात्र अर्ज पोचतो तेव्हा बारावीचा निकाल लागलेलाच नसतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मेमध्ये, आणि अमेरिकेचा निर्णय मार्चअखेर. म्हणजे त्यांच्या हातात असलेलं सगळ्यांत ताजं पूर्ण वर्ष हेच, अकरावीचं. त्यात ६४ टक्के असतील तर “क्लासमध्ये टॉपर होता” हे सांगायला तिथे कुणी नसतं.

बारावीच्या सहामाहीचंही तसंच. ऑक्टोबरची ती परीक्षा मुलं क्लासच्या टेस्टसाठी बुडवतात. पण कॉलेजने द्यायचे अपेक्षित गुण आणि मधल्या मुदतीचा अहवाल याच परीक्षेवर उभे राहतात. बुडवली तर शिक्षक अंदाजे आकडा टाकतात, आणि अंदाजे टाकलेला आकडा ओळखू येतो.

टक्क्यांचा जीपीए (अमेरिकी शाळांतली, चारपैकी मोजलेली सरासरी) करू नका. ९५ भागिले २५ अशी सूत्रं फिरत असतात. ती कुणी मागितलेली नाहीत. जसे गुण आहेत तसेच, शंभरपैकी, पाठवायचे. त्याऐवजी उपप्राचार्यांना भेटून एका पानाचा कॉलेज-परिचय तयार करून घ्या : विज्ञान शाखेत किती मुलं, कुठले विषय, गेल्या दोन-तीन वर्षांत ९० च्या वर किती जण गेले. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत प्रवेश-समुपदेशक नावाचं पद नसतं, त्यामुळे हे काम त्यांच्या गळ्यात नव्याने पडतं. विनंती जुलैत करा, तीही हातात मसुदा घेऊन. तुमच्या कॉलेजात ८८ म्हणजे पहिल्या पाचांत, हे त्या पानावर असेल तरच त्या ८८ ला किंमत.

तपासा : चारपैकी एखाद्या वर्षी गुण पाचाहून जास्त टक्क्यांनी घसरले असतील तर कारण एका ओळीत लिहा. आजारपण, २०२१ च्या पुरासारखा पूर, घरातलं कुणी जाणं ही कारणं अर्जात सांगता येतात. ‘क्लास होता’ हे सांगता येत नाही. असं असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांत स्वतःला एक घर खाली धरा.

## पायरी ३ : सॅट, पण बेरजेत नव्हे

सॅट १६०० ची, दोन भाग ८००-८०० चे, आणि परदेशात ती मार्च २०२३ पासून संगणकावर होते. आपल्या मुलांचं गणित ७७०-७८० वर जातं, वाचन-लेखन ६०० च्या आसपास अडकतं, आणि बेरीज १४०० च्या जवळ दिसते. घरचे खूश. कॉलेजच्या तक्त्यात वाचनाचे गुण ७३० ते ७८० असतील तर त्या भागात तुमचं मूल तळाच्याही खाली आहे, आणि बेरीज ते झाकते. म्हणून दोन्ही भाग वेगवेगळे लिहा.

काही ठिकाणी सॅट सक्तीची, काही ठिकाणी ऐच्छिक, काही ठिकाणी बघतच नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली. हार्वर्ड, डार्टमथ, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत गुण पाठवले तरी बघत नाहीत. नियम दर वर्षी हलतात, म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या पानावर यंदाचं वाक्य वाचा. ‘ऐच्छिक’ लिहिलेलं असेल तर आपल्यासाठी अर्थ असा की चांगली असेल तर पाठवा. ज्या बोर्डाचे गुण त्यांना नीट कळत नाहीत, त्या बोर्डाच्या मुलाला सॅट कामाला येते.

परीक्षेला पुण्याला मुक्काम करावा लागू शकतो. नोंदणी करताना केंद्र आधी बघा, तारीख मग.

## पायरी ४ : कॉलेजने स्वतः छापलेले आकडे काढा

आता यादीचा पहिला कच्चा खर्डा करा, पंधरा-वीस नावांचा. प्रत्येक नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं जोडून शोधा. अमेरिकेतली बरीच कॉलेजं दर वर्षी एकाच साच्यात ही माहिती प्रसिद्ध करतात. शंका येईल इतकी ती रटाळ दिसते, पण गावातल्या कुठल्याही सल्लागाराच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा तीत जास्त ऐवज आहे. तीस-पस्तीस पानांपैकी आपल्याला पाच जागा पुरतात.

सी-१ : किती अर्ज आले, किती घेतले. अलीकडच्या संचांत परदेशी अर्जदार वेगळे दाखवण्याची सोय आहे. कॉलेजने तो भाग भरला असेल तर सोन्याहून पिवळं.

सी-७ : कुठल्या गोष्टीला किती वजन. गुण, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारस, मुलाखत, उपक्रम, कॉलेजबद्दल दाखवलेली आस्था, प्रत्येकापुढे ‘अतिमहत्त्वाचं’ ते ‘विचारात नाही’ अशी खूण. आस्थेपुढे ‘विचारात घेतो’ असेल तर त्यांच्या ऑनलाइन माहिती-सत्राला हजेरी लावणं फुकट जात नाही.

सी-९ : सॅटचे गुण, खालच्या पाव हिश्श्याची रेघ आणि वरच्या पाव हिश्श्याची रेघ. त्याच्याच वर लिहिलेलं असतं की दाखल झालेल्यांपैकी किती टक्क्यांनी गुण पाठवले होते. ते फक्त ३५ टक्के असतील तर रेघा फुगलेल्या आहेत असं समजा.

बी-२ : शिकणाऱ्यांत परदेशी किती, पहिल्या वर्षाला आणि एकूण.

एच-६ : परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजने मदत दिली, सरासरी किती डॉलर.

शेवटच्या दोन जागा एकत्र वाचायच्या, आणि हे जवळजवळ कुणी करत नाही. समजा, एका कॉलेजात बी-२ प्रमाणे चार वर्षांचे मिळून परदेशी विद्यार्थी २९० आहेत आणि एच-६ प्रमाणे मदत मिळणारे ५८. म्हणजे पाचातला एक. पहिल्या वर्षाला परदेशी ७२ घेत असतील तर मदतीसकट जागा साधारण चौदा. साऱ्या जगातून चौदा. ‘आमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांना उदार मदत मिळते’ हे त्यांच्या मुखपृष्ठावरचं वाक्य खोटं नसतं, पण ते या चौदांबद्दल असतं.

माझी सगळ्यांत मोठी चूक इथलीच. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या यादीत मी एक कॉलेज ‘बरोबरीचं’ म्हणून लिहिलं. प्रवेशाचा दर ३० टक्क्यांच्या वर होता, तिचे गुण वरच्या रेघेच्याही वर. एच-६ मी उघडलंच नव्हतं. नकार आल्यावर उघडलं, तर मदत मिळालेले परदेशी बोटांवर मोजण्याइतके. तिला मी ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, हे आधी बघायचं हुतं.” बरोबर होतं तिचं.

## पायरी ५ : छापलेला दर आपल्यापुरता बारीक करा

हार्वर्डला २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश दिला. साडेतीन टक्के. हा दर तुमच्या मुलाचा नाही. त्यात तिथलेच खेळाडू आहेत ज्यांना प्रशिक्षकांनी आधीच हेरलंय, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत, देणगीदारांची आहेत. परदेशी मुलांचा दर त्याहून खाली असतो. एमआयटी आपल्या पानावर परदेशी अर्जदारांचा आकडा वेगळा देतं. तो एकूण दराच्या जवळपास निम्मा भरतो.

म्हणून दर चार वेळा चाळून घ्या. परदेशी असल्याने कमी. कॉलेज नीड-अवेअर असून मदत हवी असेल तर आणखी बराच कमी. कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर पुन्हा कमी, कारण कार्नेगी मेलन किंवा इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनसारख्या ठिकाणी प्रवेश शाखेनुसार ठरतो आणि विद्यापीठाचा एकूण दर तिथे निरुपयोगी असतो. चौथी चाळण वाचन-लेखनाच्या सॅट गुणांची : खालच्या रेघेच्या खाली असाल तर, त्या रेघेखाली प्रवेश मिळालेले बहुतेक जण तुमच्यासारखे नव्हते हे लक्षात ठेवा.

उरलेला आकडा नेमका काढायचा प्रयत्न करू नका. १४.५ टक्के असं लिहिणाऱ्या संकेतस्थळांवर माझा विश्वास नाही. ‘पाचाच्या आत’, ‘दहा ते वीस’, ‘तिसऱ्या हिश्श्याच्या वर’ एवढं पुरे.

## पायरी ६ : फाइलमधला बाकीचा ऐवज

प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर पसरा आणि दोन ढीग करा. फी भरून कुणालाही मिळतं ते डावीकडे. उजवीकडे उरेल ते मोजायचं.

ऑलिम्पियाड या शब्दाने फार घोळ केलाय. शाळेत फी भरून होणाऱ्या खासगी ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक डाव्या ढिगात जातं. गणिताची आयओक्यूएम, भौतिकशास्त्राची एनएसईपी आणि त्यांच्या पुढच्या, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या फेऱ्या ही वेगळी गोष्ट आहे. त्यात राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्या मुलाचा अर्ज एमआयटीसारख्या ठिकाणी खरोखर हलतो. पैसे घेऊन छापून देणारे ‘शोधनिबंध’ आणि बारावीच्या दिवाळीत सुरू झालेली, वह्यावाटपाच्या फोटोपुरती संस्था, दोन्ही डावीकडे. वाचणारे असे शेकडो पाहतात.

उजवीकडे काय येतं, ते कोल्हापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त लोकांना ते ‘अॅक्टिव्हिटी’ वाटत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या वडिलांच्या फाउंड्रीत सुटीत बसून बाद होणाऱ्या कास्टिंगची सहा महिने नोंद ठेवणारा आणि त्यातून वाळूच्या ओलाव्याचं कारण शोधणारा मुलगा. पेठेच्या फुटबॉल संघात पाच वर्षं सलग खेळलेला. आई दवाखान्यात असताना गोठा आणि धाकटा भाऊ सांभाळलेली मुलगी. कॉमन अॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना एकदम पाठवायच्या ऑनलाइन अर्जाच्या, उपक्रमांच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या आणि पगाराचं काम यांना स्वतःचे प्रकार आहेत. एकूण दहा जागा, प्रत्येकीला वर्णन १५० अक्षरांचं. सहा भरल्या आणि खऱ्या असल्या तरी चालतात.

निबंधाचा अंदाज घरी बांधता येत नाही. आपलं लेकरू आहे, आपल्याला तो चांगलाच वाटणार. वहीत तिथे ‘सरासरी’ लिहा आणि पुढे चला.

तपासा : उजव्या ढिगातली एखादी गोष्ट तालुक्याबाहेरच्या, नात्यात नसलेल्या माणसाला फोनवर एका मिनिटात सांगा. त्याने एक तरी प्रश्न विचारला तर ती ठेवा.

## पायरी ७ : रकाने पाडा

आता चार रकाने, आणि प्रत्येक नाव एकाच रकान्यात.

लॉटरी : चाळून उरलेला आकडा दहाच्या खाली. इथे मुलाचे गुण कितीही असोत, नाव वर सरकत नाही.

चढण : दोन्ही सॅट भाग दोन रेघांच्या मध्ये, किंवा गुण वर पण नीड-अवेअर कॉलेजात मोठी मदत मागायची आहे.

बरोबरीचं : दोन्ही भाग वरच्या रेघेच्या आसपास, परदेशी मुलांचा दर तिसऱ्या हिश्श्याच्या वर, आणि पैशाचं एच-६ शी जुळतंय.

पक्कं : प्रवेशाची अट लेखी जाहीर आहे, ती पूर्ण होते, आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या आकड्यात खर्च बसतो.

मोठी मदत हवी असलेल्या घराला चौथ्या रकान्यात अमेरिकेतलं नाव बहुधा सापडत नाही. तो रकाना इथलीच नावं भरतात : सीईटीवर पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, किंवा आयसर, बिट्स, जेईईचे निकाल. इथे कटऑफचं गणित चालतं आणि ते तुम्हाला येतंच. मागच्या दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीचा आकडा घ्या, पहिल्या फेरीचा नव्हे.

हिशोबातली एक चूक हुशार लोकच करतात. दहा कॉलेजं, प्रत्येकी पाच टक्के, म्हणजे एखादं तरी लागण्याची शक्यता चाळीस टक्के. वहीत गणित बरोबर येतं. पण हे दहा वेगवेगळे फासे नाहीत. तीच गुणपत्रिका, तोच निबंध, तीच शिफारस दहा ठिकाणी जाते. ज्या कारणाने पहिल्याने नाकारलं, त्याच कारणाने सातवा नाकारतो. लॉटरीची नावं वाढवून शक्यता फारशी वाढत नाही, फक्त अर्जाची फी आणि डिसेंबरची जागरणं वाढतात. तीन पुरेत. कॉमन अॅप वीस नावं घेऊ देतं म्हणून वीस भरायची नसतात.

सावध : हे रकाने पाडताना मुलाला समोर बसवा, आणि त्याचा सगळ्यांत कडक शिक्षक मिळाला तर त्यालाही. बापाने पाडलेल्या रकान्यांत ‘बरोबरीचं’ नेहमी जास्त भरतं.

## ब्रिटनसाठी वेगळी वही

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांत एका वर्षी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, आणि अंतिम तारीख १५ ऑक्टोबर. तिथे फुटबॉल, गोठा, वाद्यवृंद यांना किंमत नाही. विषयाची प्रवेश परीक्षा, विषयावरचं वाचन आणि मुलाखत. ऑक्सफर्ड विषयवार आकडे छापतं, ते बघा. त्याआधी एक गोष्ट : त्यांच्या पात्रतेच्या पानावर भारतासाठी सीबीएसई आणि सीआयएससीई लिहिलेलं असतं, महाराष्ट्र बोर्डाचा उल्लेख आहे का ते शोधा. नसेल तर प्रवेश कार्यालयाला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी कुणी सांगितलेलं धरू नका.

## पायरी ८ : फेरी निवडा, आणि अंदाज पुन्हा तपासा

कॉमन अॅप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या फेरीची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीचा पहिला आठवडा. लवकरच्या फेरीतला ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार बंधनकारक आहे : एकाच कॉलेजला करायचा आणि मिळालं तर जायचंच. त्या फेरीचा दर छापील तक्त्यात दुप्पट-तिप्पट दिसतो, पण त्यात हेरलेले खेळाडू भरलेले असतात. तुमच्या वाट्याला त्यातला थोडाच फायदा येतो. मदत मागणाऱ्या घराने हा पत्ता टाकायचा तर कॉलेजचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं खर्च-गणकयंत्र आधी चालवून पाहावं. मिळणारी मदत खरोखर पुरत नसेल तरच बंधनातून सुटका मागता येते.

अंदाज तीनदा तपासायचा. जुलैत पहिला. सहामाहीचे गुण आणि सॅटचा निकाल हातात आले की ऑक्टोबरअखेर दुसरा. इथे एखादं नाव रकाना बदलतं, बहुतेक वेळा खाली. डिसेंबरच्या मध्यावर लवकरच्या फेरीचा निकाल येतो, तेव्हा तिसरा. तिथे नकार आला तर त्याच दर्जाची चार नवीन नावं रात्रीत जोडायचा मोह होतो. त्या रात्री जोडलेल्या नावांचे निबंध वाचवत नाहीत.

होकार आला तरी १ मेपर्यंत कळवायचं असतं, आणि बारावीचा बोर्डाचा निकाल त्यानंतर पाठवावा लागतो. होकाराच्या पत्रात ‘अशीच कामगिरी राहिली तर’ असं वाक्य असतं, ते शोभेचं नाही. अकरावीला ८९ आणि बोर्डात ६८ आले तर पत्र परत मागवू शकतात.

या सगळ्या धावपळीत सीईटीचा अर्ज भरायची मुदत निघून जाते. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर, पैशाच्या आकड्याच्या खाली लिहून ठेवा.